जखमेचं औषध, सुरकुतीचं क्रीम

गेल्या महिन्यात भाचीने मागवलेल्या सीरमची छोटी बाटली माझ्या हातात आली. आतलं द्रव मोरचुदासारखं निळं होतं. "मावशी, यात नक्की असतं काय गं?" तिने विचारलं. चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली, तर त्यात 'कॉपर ट्रायपेप्टाइड-१' हे नाव होतं. हे नाव मी पूर्वी वाचलेलं होतं, पण सौंदर्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

तेव्हा आईच्या पायाला मधुमेहाने जखम झाली होती आणि ती महिनोन्महिने भरत नव्हती. रोज सकाळी ड्रेसिंग करायचं आणि रात्री काही नवं औषध निघालंय का ते शोधत बसायचं, असे ते दिवस होते. त्या शोधात हा तांब्याचा रेणू भेटला होता. अशाच जखमांवर तो अमेरिकेत वापरून पाहिला होता आणि तो टिकला नव्हता. मग जखमेच्या परीक्षेत नापास झालेला हा रेणू चेहऱ्यावर कसा पोचला? भाचीच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला हा सगळा इतिहास वाचावा लागला.

प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लांच्या लांबलचक माळा. त्यातले काही मोजके मणी ओवलेला तुकडा म्हणजे पेप्टाइड. हा शब्द 1902 साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी रूढ केला. पण हवी ती माळ हव्या त्या क्रमाने बनवणं पुढची साठ वर्षं महाकटकटीचं काम होतं. 1963 मध्ये ब्रूस मेरीफिल्ड यांनी माळेचं एक टोक घन मण्याला बांधून एकेक अमिनो आम्ल जोडत जाण्याची रीत शोधली. तिच्यासाठी त्यांना 1984 चं नोबेल मिळालं. त्या रीतीमुळे पेप्टाइड बनवणं खूप सोपं झालं.

आता त्वचेकडे येऊ. कातडीला घट्टपणा देतं ते कोलॅजेन नावाचं प्रथिन. वय आणि ऊन मिळून ते झिजवतात, नवं कमी तयार होतं, आणि सुरकुत्या दिसू लागतात. या कोलॅजेनची रचना उलगडण्यात आपल्याकडच्या माणसांचा मोठा वाटा आहे. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी 1954 साली कोलॅजेन तीन पेडांचं असतं असं मांडलं. त्यासाठी त्यांनी क्ष-किरणांखाली पाहिला तो कांगारूच्या शेपटीचा स्नायुबंध. तो त्यांना शहरातल्याच केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतून मिळाला होता. या तीन पेडांच्या वेणीत दर तिसरा मणी ग्लायसीनचा असावा लागतो, कारण तेवढ्या अडचणीच्या जागेत सगळ्यांत लहान अमिनो आम्लच मावतं. ग्लायसीनची गाठ पुढे पुन्हा पडेल.

1973 साली कॅलिफोर्नियात लॉरेन पिकार्ट हे संशोधक यकृताच्या पेशींवर काम करत होते. साठ ते ऐंशी वर्षांच्या रुग्णांच्या यकृतपेशी तरुणांच्या रक्तद्रवात ठेवल्या, की त्या तरुण पेशींसारख्या वागू लागतात, असं त्यांना दिसलं. रक्तातला कुठला घटक हे करतो, याचा माग काढता काढता ते तीनच मण्यांच्या तुकड्याशी पोचले: ग्लायसीन, हिस्टिडीन, लायसीन. हा तुकडा तांब्याला घट्ट धरून ठेवतो. बाटलीतला निळा रंग त्या तांब्याचा.

पुढे कोलॅजेनच्या एका पेडातही हाच तीन मण्यांचा क्रम सापडला. 1988 मध्ये फ्रान्समधल्या रँस इथल्या माकार आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की फायब्रोब्लास्ट, म्हणजे कोलॅजेन विणणाऱ्या पेशी, हा रेणू अत्यल्प प्रमाणात मिळाला तरी जास्त कोलॅजेन बनवतात. यातून एक सुरेख कल्पना पुढे आली. जखम झाली की तिथलं कोलॅजेन तुटतं. त्यातून हे तुकडे सुटे होतात आणि पेशींना सांगतात, इथे पडझड झाली आहे, कामाला लागा. म्हणजे ढिगाऱ्यानेच दुरुस्तीची वर्दी द्यायची.

पिकार्ट यांनी 1985 मध्ये प्रोसाइट ही कंपनी काढली. मधुमेही रुग्णांच्या न भरणाऱ्या जखमांसाठी या रेणूचं जेल तयार झालं. सुरुवातीचे निकाल आशा वाढवणारे होते. नव्वदच्या दशकात मोठी चाचणी झाली, आणि तिच्यात जेल अपेक्षित फरक दाखवू शकलं नाही. त्या जखमांवरचं औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली नाही. मग तोच रेणू त्वचेच्या निगेच्या उत्पादनांत गेला.

यात कायदा कुणीच मोडला नाही. अमेरिकेच्या 1938 च्या कायद्यानुसार शरीराच्या रचनेवर किंवा कार्यावर परिणाम करण्यासाठी जे विकलं जातं ते औषध, आणि रूप खुलवण्यासाठी किंवा बदलण्यासाठी जे विकलं जातं ते सौंदर्यप्रसाधन. आपल्या 1940 च्या कायद्यातली प्रसाधनाची व्याख्याही जवळपास अशीच आहे. औषधाला गुण सिद्ध करूनच बाजारात यावं लागतं. अमेरिकेत प्रसाधनाला ती अट नाही. म्हणून बाटलीवर 'सुरकुत्या कमी दिसतात' असं लिहिलेलं असतं. त्या 'दिसतात'वर सगळा डोलारा उभा आहे.

दुसऱ्या प्रसिद्ध पेप्टाइडचा उगमही प्रयोगशाळेतल्या एका साध्या कुतूहलात आहे. पुरेसं कोलॅजेन झालं की नाही, हे पेशीला कळतं कसं? कोलॅजेन आधी शेपूट लावून तयार होतं आणि मग ती शेपूट कापली जाते. 1993 मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिसच्या संशोधकांनी त्या शेपटीतला पाच मण्यांचा तुकडा वेगळा केला. तो दिल्यावर पेशी आणखी कोलॅजेन बनवू लागल्या. अडचण एकच होती. असा तुकडा पाण्यात रमणारा, आणि त्वचेचा वरचा थर तेलकट. सेदेर्मा या फ्रेंच कंपनीने त्याला पामिटिक आम्लाची, म्हणजे चरबीतल्या आम्लाची, शेपूट जोडली आणि 2000 च्या सुमारास तो 'मॅट्रिक्सिल' नावाने बाजारात आणला.

याची एक बरी चाचणी 2005 मध्ये छापून आली. 35 ते 55 वयाच्या 93 स्त्रियांनी बारा आठवडे चेहऱ्याच्या एका बाजूला पेप्टाइडचं आणि दुसऱ्या बाजूला तेच, पण पेप्टाइड नसलेलं क्रीम लावलं. पेप्टाइडचं प्रमाण होतं दहा लाखांत तीन भाग. बारीक रेषांत फरक पडला. तो खरा होता, पण माफक. आणि चाचणी करणारे संशोधक क्रीम विकणाऱ्या कंपनीचेच होते.

तिसऱ्याची, आर्जिरेलिनची, कहाणी लवकर आटोपते. 2002 मध्ये अमेरिकेत भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्सला मान्यता मिळाली. त्याच वर्षी स्पेनमधून एका सहा मण्यांच्या पेप्टाइडचा निबंध आला. बोटॉक्सप्रमाणेच मज्जातंतूचा स्नायूला जाणारा निरोप हे पेप्टाइड अडवतं, असा त्याचा दावा. सुरकुत्यांची खोली तीस टक्क्यांनी घटल्याचा जो आकडा जाहिरातींत फिरतो, तो मोजला गेला होता दहा स्त्रियांवर, तीस दिवसांत. शिवाय स्नायू असतो कातडीच्या बराच खाली. पाचशे डाल्टनपेक्षा जड रेणू त्वचेतून सहसा आत शिरत नाहीत, असा एक ठोकताळा त्वचाविज्ञानात आहे. हे पेप्टाइड त्याहून बरंच जड आहे. तांब्याचं हलकं आहे. मॅट्रिक्सिल जड आहे, पण त्याला चरबीचा आधार आहे.

आईच्या पायाचं एक बोट शेवटी काढावं लागलं. मग साखर आटोक्यात ठेवून, पायावर भार न देता आणि रोजच्या साध्या ड्रेसिंगने जखम भरली. त्या काळात मला त्या फसलेल्या चाचणीचा राग यायचा. आता वाटतं, कुणीतरी मोठ्या संख्येने रुग्ण घेऊन प्रश्न विचारला आणि 'नाही' हे उत्तर मान्य केलं, म्हणून आम्ही त्या जेलच्या मागे पैसे आणि त्याहून मोलाचे आठवडे घालवले नाहीत. क्रीमच्या बाबतीत तसा प्रश्न विचारायची सक्ती कुणावर नाही. म्हणून तिथे 'नाही' कधी ऐकू येत नाही, आणि 'हो' म्हणजे नेमकं किती, तेही कळत नाही.

भाचीला मी हे सगळं सांगितलं. "म्हणजे लावू की नको?" तिने विचारलं. म्हटलं, लाव, अपाय व्हायचा फारसा संभव नाही. बारीक रेषा थोड्या कमी होतीलही. पण पैसे पुरवायचे असतील तर आधी सनस्क्रीन घे, कारण कोलॅजेन तुटू न देणं हे तुटलेलं पुन्हा विणून घेण्यापेक्षा सोपं आहे. तिने बाटली उचलून उजेडात धरली. "रंग मात्र छान आहे," ती म्हणाली. रंग खरंच छान होता.