मोटारीचे कुलूप आणि त्याचे गुपित

कुलूप म्हणजे काय असे कोणी विचारले, तर आपण चटकन सांगू की दार बंद ठेवणारी वस्तू. पण दार बंद ठेवायला कडी पुरते. कुलपाचे काम निराळे. घरधनी कोण आणि परका कोण हे त्याने ओळखायचे. बिचाऱ्याला डोळे नाहीत, कान नाहीत. तेव्हा एक खूण ठरवून ठेवायची आणि ती पटली की दार उघडायचे, एवढेच त्याला जमते. ही खूण पूर्वी लोखंडाची असे. आज मोटारीच्या दारापाशी ती हवेतून येते. मात्र एक वाद मधल्या काळात तसाच चालत आला आहे : कुलपातली खोट चारचौघांत सांगावी, की झाकून ठेवावी? त्या वादाची हकिगत आज सांगायची आहे.

लंडनच्या पिकॅडिलीत जोसेफ ब्रामा या कारागिराचे दुकान होते. १७८४ साली त्याने आपल्या कुलपाचे पेटंट घेतले, आणि पुढे दुकानाच्या खिडकीत एक कुलूप मांडून पाटी लावली की हे उघडणाऱ्याला दोनशे गिनी मिळतील. साठेक वर्षे पाटी तशीच राहिली. १८५१ साली लंडनला मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले. तिथे आल्फ्रेड हॉब्ज नावाचा एक अमेरिकन कुलूपवाला आला. त्याने आधी चब कंपनीचे नामांकित कुलूप पंचवीस मिनिटांत उघडले, मग ब्रामाच्या कुलपाला हात घातला. सोळा दिवस लागले, प्रत्यक्ष कामाचे एक्कावन्न तास. पण कुलूप उघडलं! इंग्लंडात केवढा गहजब झाला. हा माणूस चोरांना धडे देतो आहे, असेही लोक म्हणू लागले. हॉब्जचे म्हणणे असे की चोरांना त्यांचा धंदा कळतो. अंधारात राहतो तो कुलूप विकत घेणारा.

पुढे १८८३ साली ऑग्यूस्त केर्कहॉफ्स याने सैन्याच्या सांकेतिक लिपीविषयी लिहिताना हाच विचार नियमात बसवला. हा पॅरिसमध्ये भाषा शिकवणारा मास्तर, म्हणजे आमच्याच पेशातला! त्याचा नियम थोडक्यात असा : यंत्राची सगळी रचना शत्रूच्या हाती पडली तरी चालेल, गुपित फक्त किल्लीत असले पाहिजे.

आता मोटारीकडे वळू. सुरुवातीच्या मोटारींना कुलूप कुठले असायला! फोर्डच्या अमेरिकेत बनलेल्या मॉडेल टी टूरिंग गाडीला तर १९१२ नंतर बरीच वर्षे चालकाच्या बाजूचे दारच नव्हते. पत्र्यावर दाराचा नुसता आकार उठवलेला असे. बंद टपाच्या गाड्या आल्या तशी दारे आली, दारांबरोबर कुलपे आली. या कुलपाच्या पोटात एक फिरती नळी असते. नळीत पातळ पट्ट्या बसवलेल्या असतात. स्प्रिंगच्या जोराने त्या बाहेर डोकावतात आणि भोवतालच्या खाचेत अडकतात, म्हणून नळी फिरत नाही. योग्य किल्ली आत गेली की तिच्या खाचांच्या खोलीप्रमाणे प्रत्येक पट्टी नेमकी हवी तेवढी सरकते, साऱ्या पट्ट्या नळीत मावतात, आणि किल्ली फिरते. रचना सुटसुटीत आणि स्वस्त, पण खाचांचे प्रकार मोजके. शिवाय किल्ली आणि पट्ट्या झिजल्या की कुलपाची पारख ढिली होते.

१९८२ साली फ्रान्समध्ये रेनोच्या 'फ्युएगो' गाडीबरोबर लांबून दार उघडणारी किल्ली मिळू लागली. पॉल लिपशुट्झ हा तिचा जनक. त्याच्या नावावरून फ्रेंच लोक अजून मोटारीच्या रिमोटला 'प्लिप' म्हणतात. ही किल्ली अवरक्त किरणांवर चाले. पुढे रेडिओलहरींची पद्धत रुळली. पण त्या काळच्या पुष्कळशा रिमोटमधून दर वेळी एकच ठरलेला आकडा बाहेर पडे. इथे अलीबाबाची गोष्ट आठवावी. झाडावर बसून त्याने चोरांचा मंत्र ऐकला, मग तोच मंत्र म्हटला, आणि गुहेचे दार उघडले. तो आकडा टिपून घेणाऱ्याचे काम तसेच सोपे होते.

यावर तोड निघाली ती दर वेळी मंत्र बदलण्याची. किल्लीत आणि गाडीत एकेक मोजणी चालू असते. बटण दाबले की मोजणी एकाने पुढे जाते, तो आकडा गुप्त लिपीत गुंडाळून पाठवला जातो. आणि गाडी एकदा वापरलेला आकडा पुन्हा स्वीकारत नाही. खिशात बटण चुकून दाबले गेले तर? म्हणून गाडी पुढच्या काही आकड्यांनाही मान्यता देते. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेली 'कीलॉक' ही अशीच एक पद्धत, जगभर पसरलेली. तिची रचना गुप्त ठेवली होती. ती फुटली, आणि २००८ साली जर्मनीतील बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी केवळ चिपला लागणारा वीजप्रवाह मोजून कारखान्याची मूळ किल्ली हुडकून काढली. ती एक हाती आली की त्या कारखान्याच्या कुठल्याही रिमोटची नक्कल करता येई. केर्कहॉफ्सचा नियम असा दुहेरी लागू पडला!

कोर्टात गेलेले प्रकरण मात्र याहून बोलके आहे. पुष्कळ गाड्यांत किल्लीच्या मुठीत एक चिप असते; ती ओळखल्याखेरीज इंजिन चालू होत नाही. 'मेगामॉस' नावाच्या अशा एका चिपची कमजोरी इंग्लंड आणि हॉलंडमधील तीन संशोधकांनी शोधली. चिपच्या कारखान्याला त्यांनी कित्येक महिने आधी कळवलेही होते. तरी २०१३ साली फोक्सवागन कंपनीने इंग्लंडच्या हायकोर्टातून त्यांच्या निबंधाला मनाई आणली. चोर याचा फायदा घेतील, हे कारण! म्हणजे १८५१ सालचाच आक्षेप. गंमत अशी की या चिपची गुप्त रीत पोटात असलेला एक प्रोग्राम २००९ पासून बाजारात विकत मिळत होता, आणि संशोधकांनी त्यातूनच ती उलगडली होती. निबंध अखेर २०१५ साली छापून आला, त्यातले फक्त एक वाक्य गाळून. कंपनीची अडचण मला समजते. रस्त्यावर धावणाऱ्या लाखो गाड्यांची चिप एका रात्रीत बदलता येत नाही. पण मधली दोन वर्षे ज्याला काही कळले नाही तो गाडीचा मालक होता, चोर नव्हे.

याउलट दुसरे उदाहरण पाहा. किल्ली खिशातच ठेवून दार उघडण्याची सोय १९९० नंतर महागड्या गाड्यांत आली. हात दाराच्या मुठीला लागला की गाडी अतिशय कमी कंपनसंख्येच्या लहरीने हाक मारते. ही लहर रेडिओच्या मध्यम लहरींहूनही खालची, जेमतेम मीटर-दोन मीटर पोचणारी. किल्ली ती ऐकते आणि वरच्या लहरीवर ओ देते. हाक पोचली म्हणजे मालक जवळ आहे, असा गाडीचा समज. २०११ साली झुरिकच्या संशोधकांनी आठ कंपन्यांच्या दहा गाड्या तपासल्या. एक यंत्र गाडीपाशी, दुसरे किल्लीपाशी, आणि हाक इकडून तिकडे पोचवायची, बस्स! गुप्त लिपीला धक्काही लागला नाही, आणि दहाच्या दहा गाड्या उघडून सुरूही झाल्या.

हा निबंध उघडपणे छापला गेला. चोऱ्या काही थांबल्या नाहीत, आजही या रीतीने होतात. पण उपायही निघाले. अलीकडच्या काही किल्ल्या थोडा वेळ हलल्या नाहीत की झोपी जातात. काही गाड्या हाकेला ओ यायला किती वेळ लागला हे मोजतात. रेडिओलहर एका सेकंदाच्या अब्जांश भागात सुमारे तीस सेंटिमीटर जाते, म्हणून किल्ली दाराशी आहे की घरात टेबलावर, हे त्या मोजणीतून कळते. आणि ज्यांच्या गाड्या जुन्या आहेत, ते रात्री किल्ली पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतात. आधी मात्र डबा बंद करून गाडीशेजारी नेऊन पाहावा. दार उघडले तर डबा बदलावा.