बाजार-माहिती व पुरवठा-साखळी, वाशिम जिल्ह्यातील

उत्पादकाकडील मालाची खरेदी, साठवण, प्रक्रिया, वाहतूक व विक्री या परस्परावलंबी व्यवहारांच्या मालिकेस पुरवठा-साखळी म्हणतात. मालाबरोबरच आवक, प्रत, वजन, साठा, भाव व चुकारा यांविषयीची माहितीही तिच्यातून वाहत असते. या सर्व नोंदी परस्परांशी जोडणारी यंत्रणा म्हणजे एकात्मिक माहितीव्यवस्था. संगणकामुळे तिला वेग आला. तथापि माहिती कोणाजवळ असते व तिचा लाभ कोणास होतो, हा प्रश्न संगणकापूर्वीचा आहे. कारंजा (लाड) येथील कापूस बाजाराचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

निजामाने १८५३ मध्ये वऱ्हाड प्रांत ब्रिटिशांच्या प्रशासनाखाली दिला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) तेथील कापसाची निर्यात घटली आणि वऱ्हाडी कापसास मोठी मागणी आली. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. १८७० मध्ये खामगावची शाखा सुरू झाली. त्याच वर्षी समुद्री तारेने मुंबई व इंग्लंड जोडले गेले. पूर्वी लिव्हरपूलचे भाव टपालबोटीने काही आठवड्यांनी कळत. ते आता तारेने येऊ लागले. त्यामुळे व्यापाऱ्यास खरेदीपूर्वीच विक्रीचा अंदाज घेणे व अनावश्यक साठा टाळणे शक्य झाले. बैलगाडीतून कापूस आणणाऱ्या शेतकऱ्यास मात्र अडत्याच्या शब्दावरच विसंबावे लागे. रुमालाखाली बोटांच्या खुणांनी भाव ठरविणे, सदोष वजनमापे आणि हमाली, तोलाई, धर्मादाय इ. नावांखाली होणारी कपात, या प्रथा देशातील अनेक बाजारांत रूढ होत्या.

१८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशान्वये कारंजा येथे नियंत्रित कापूस बाजार स्थापन झाला. तो देशातील पहिला नियंत्रित बाजार मानला जातो. पुढे १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने बाजारसमित्या तसेच दलाल व मापारी यांचे परवाने यांची तरतूद केली. या कायद्याचा मुख्य दोष असा, की समित्यांवर व्यापाऱ्यांचे वर्चस्व होते व उत्पादकांना प्रतिनिधित्व नव्हते. नियमन आले, परंतु नोंदींवरील अधिकार खरेदीदाराकडेच राहिला. शाही कृषी आयोगाने १९२८ च्या अहवालात नियंत्रित बाजारांचा सर्वत्र प्रसार करण्याची शिफारस केली. महाराष्ट्राच्या १९६३ च्या कृषी उत्पन्न खरेदी-विक्री (नियमन) अधिनियमाने समित्यांवर शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींना बहुसंख्य जागा दिल्या.

कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ मध्ये सुरू झाली. तिच्यात खरेदी, सरकी काढणे, गाठी बांधणे व विक्री ही साखळी एका यंत्रणेखाली आली. तथापि राज्याबाहेरील भाव चढे असले, की कापूस सीमेपलीकडे जाई; ते उतरले, की सर्व आवक केंद्रांवर लोटे. हमीभाव व प्रत्यक्ष बाजारभाव यांची सांगड नीट न बसल्याने योजनेस तोटा सोसावा लागला. २००२ च्या सुमारास खाजगी खरेदीस वाव मिळून एकाधिकार संपुष्टात आला.

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. पुढे येथे सोयाबीन हे प्रमुख पीक ठरले. बाजारांतील आवक व भाव संगणकाद्वारे प्रसिद्ध करणारे केंद्र शासनाचे जाळे २००० मध्ये, तर राष्ट्रीय कृषी बाजार (ई-नाम) १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झाला. ई-नाममध्ये प्रवेशद्वारावरील नोंद, प्रततपासणी, बोली, वजन व चुकारा हे टप्पे एकाच नोंदक्रमात येतात. या नोंदींच्या आधारे प्रक्रिया-उद्योगास खरेदी व वाहतुकीचे नियोजन करता येते आणि शेतकऱ्यास अन्य बाजारांचे भाव पाहता येतात. परंतु प्रततपासणी विश्वासार्ह नसेल, तर दूरचा खरेदीदार न पाहिलेल्या मालावर बोली लावण्यास धजत नाही. तसेच साठवणीची सोय व हाती पैसा नसलेल्या शेतकऱ्यास चढा भाव कळूनही थांबता येत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा जिल्ह्यातून जाणारा भाग खुला झाल्याने वाहतुकीचा वेळ घटला. रस्ता व माहिती यांचा पुरेसा लाभ उत्पादकास मिळण्यासाठी गोदाम, तारण कर्ज व प्रतवारी यांचीही त्यांस जोड लागते.