माळरानाचे छायाचित्रण
माळरानाचे छायाचित्रण : गवताळ सपाट प्रदेश, तेथील पशुपक्षी आणि त्या प्रदेशाच्या आधाराने चालणारे ग्रामजीवन यांची छायाचित्रे घेण्याची कला व तिचा इतिहास. अमेरिकेतील प्रेअरी प्रदेशात शेतकऱ्यांची वसाहत आणि कॅमेरा ही जवळजवळ एकाच वेळी पोहोचली. नेब्रॅस्का राज्यात सॉलोमन बुचर या छायाचित्रकाराने १८८६ पासून तेथील कुटुंबांची चित्रे त्यांच्या मातीच्या ढेकळांच्या घरांपुढे, गुराढोरांसह व अवजारांसह घेतली. त्यामुळे त्या प्रदेशाचे आरंभीचे रूप टिकून राहिले. महाराष्ट्रात कॅमेरा याच्याही आधी आला होता. परंतु येथील माळाकडे तो शतकभर फारसा वळला नाही. या दुर्लक्षाचे परिणाम केवळ कलेपुरते मर्यादित राहिले नाहीत.

नाशिकच्या पश्चिमेस त्र्यंबक रस्त्यावरील सातपूर हे या दृष्टीने लक्षणीय ठिकाण आहे. जिल्ह्याच्या पश्चिम टोकास इगतपुरीला वर्षास ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडील येवले, नांदगाव या भागांत तो सु. ५०० मिमी.पर्यंत उतरतो. घाटमाथ्याची झाडी आणि पूर्वेकडील उघडे माळ यांच्या मधल्या पट्ट्यात, नासर्डी (नंदिनी) नदीच्या काठी हे शेतकऱ्यांचे गाव वसले. मारवेल, पवन्या, कुसळी ही गवते, त्यांवर चरणारी जनावरे, चंडोल व माळटिटवी यांसारखे जमिनीवर घरटी करणारे पक्षी, कोल्हा व खोकड हे या प्रकारच्या भूमीचे नेहमीचे रहिवासी होत. अस्सल माळराने मात्र येथून पूर्वेस आणि पुढे अहमदनगर (अहिल्यानगर), पुणे, सोलापूर या जिल्ह्यांच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात आढळतात.

मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या प्रमुख भारतीय सभासदांपैकी होते. लेणी, देवालये, किल्ले, नदीकाठचे घाट व लोहमार्गाची कामे हे त्या काळातील आवडीचे विषय. माळ वगळला जाण्यास तंत्राचाही हातभार होता. ओल्या कलोडियनच्या पद्धतीत काचेला जागेवरच रसायनाचा लेप द्यावा लागे व ती ओली असतानाच चित्र घेऊन धुवावी लागे. त्यासाठी काळोखी तंबू, रसायने आणि पाणी बरोबर न्यावे लागे. काच काही सेकंद प्रकाशास उघडी ठेवावी लागल्याने वाऱ्यावर हलणारे गवत पुसट उमटे आणि पळणारे हरीण तर उमटतच नसे. शिवाय त्या काचा निळ्या प्रकाशास अधिक व पिवळ्यास फार कमी प्रतिसाद देत. परिणामी आकाश पांढरे फटक पडे आणि उन्हाळ्यातील सोनेरी गवत काळपट दिसे. माळाचे सौंदर्य ज्या दोन गोष्टींत आहे, त्याच दोन्ही या काचेला अगोचर होत्या.

माणसांच्या चित्रणातही भूमी गाळली गेली. विल्यम जॉन्सन याने १८६३ व १८६६ मध्ये मुंबई इलाख्यातील निरनिराळ्या जातिजमातींच्या चित्रांचे दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांत माणसांची चित्रे वेगळी घेऊन ती निराळ्या निसर्गदृश्यांवर जोडलेली आहेत. पुढे तालुक्याच्या गावांतून छायाचित्रांची दुकाने निघाली, तेव्हाही हाच प्रकार वेगळ्या रीतीने चालू राहिला. शेतकरी दांपत्य बाजाराच्या वा जत्रेच्या दिवशी दुकानात येई आणि रंगवलेला महाल, तळे किंवा बाग असलेल्या पडद्यापुढे ताठ बसून चित्र काढून घेई. जुन्या घरांच्या भिंतींवर अशी चित्रे अद्याप दिसतात. ज्या रानात त्या माणसांचा जन्म गेला, त्या रानाचा त्यांत मागमूस नसतो. त्यांना स्वतःचे रान दाखवण्याजोगे वाटले नसेल, की दुकानदाराने कधी विचारलेच नसेल, हे ठरवणे कठीण आहे.

सातपूरच्या रस्त्यावर पुढे असलेल्या त्र्यंबकेश्वर येथे धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांचा जन्म झाला. बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकून त्यांनी गोध्रा येथे धंदा सुरू केला. पुढे बडोद्यात सुरू केलेला त्यांचा धंदा मात्र कॅमेरा शरीरातील शक्ती शोषून घेतो अशा लोकसमजुतीमुळे चालला नाही, असे सांगतात. १९१२ मध्ये त्यांनी कुंडीत लावलेल्या वाटाण्याची दररोज थोडी थोडी चित्रे घेऊन अंकुराची वाढ हा लघुपट तयार केला. डोळ्यांना न दिसणारी वनस्पतीची हालचाल त्यात दिसू लागली. राजा हरिश्चंद्र (१९१३) या चित्रपटानंतर त्यांनी आपले बिऱ्हाड नाशिकला हलविले आणि पौराणिक चित्रपटांबरोबरच नाशिक-त्र्यंबक परिसराच्या देखाव्यांचेही चित्रण केले. तथापि या परिसराची कीर्ती तीर्थक्षेत्र म्हणून असल्याने कॅमेऱ्याचा ओढा कुंडे, घाट व पर्वण्या यांकडेच राहिला. ग्रामीण जीवनाचे वास्तव पडद्यावर आणण्याचे श्रेय बाबूराव पेंटर यांच्या सावकारी पाश (१९२५) या मूकपटाकडे जाते. त्यात सावकाराच्या कर्जापायी जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची कथा आहे.

वन्य प्राण्यांचे छायाचित्रण शिकारीतून उदयास आले. एफ्. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने उत्तर भारतातील जंगलात तारेला पाय लागताच आपोआप चित्र घेणाऱ्या कॅमेऱ्याने वाघांची चित्रे मिळविली. त्याचा ग्रंथ १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला. जंगलात प्राण्यांच्या वाटा ठरलेल्या असल्याने ही युक्ती साधली. माळावर आडोसा नसतो. काळवीट व माळढोक यांना माणूस फार दुरून दिसतो आणि तो दिसताच ते दूर जातात. येथे उपयोगी पडली ती बैलगाडी. रोज शेतावर जाणाऱ्या गाडीला प्राणी भीत नाहीत, हे शिकाऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक होते. गाडी सरळ प्राण्यावर न नेता तिरकस, हळूहळू जवळ न्यावयाची आणि मध्ये थांबवावयाची नाही, हा गाडीवानांचा अनुभव छायाचित्रकारांनी जसाच्या तसा उचलला. पाणवठ्याजवळ किंवा घरट्यापासून योग्य अंतरावर गोणपाटाचे लपण उभारून पहाटेपूर्वी त्यात शिरणे, ही दुसरी रीत. एकभिंगी परावर्तक कॅमेरे व लांब केंद्रांतराची भिंगे हौशी माणसांच्या आवाक्यात आल्यावर, म्हणजे साधारणतः १९७० नंतर, महाराष्ट्रात या छंदाचा प्रसार झाला. माळावर दुपारच्या उन्हात सर्व छटा सपाट होतात. सकाळ-संध्याकाळचा तिरपा प्रकाश गवताच्या तुऱ्यांतून आला म्हणजे जमिनीचे चढउतार उघड होतात. कॅमेरा जमिनीलगत ठेवल्यास धाविक किंवा पखुर्डी यांसारखा मातीच्या रंगाचा पक्षीही पार्श्वभूमीपासून सुटा दिसतो. अनुभवी छायाचित्रकार म्हणूनच माळावर उभे राहण्यापेक्षा पालथे पडणे पसंत करतात.

या चित्रणाचे महत्त्व माळढोकाच्या बाबतीत स्पष्ट झाले. सु. एक मीटर उंचीचा हा जड पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या माळावर त्याचे अस्तित्व पक्षिनिरीक्षकांनी नजरेस आणले आणि १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत सु. ८,५०० चौ. किमी. क्षेत्राचे अभयारण्य घोषित झाले. त्यात शेते, गावे व शहरेही आल्याने जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध पडून शेतकऱ्यांत असंतोष माजला. तो अकारण नव्हता. पुढे हे क्षेत्र सु. १,२२२ चौ. किमी. इतके कमी करण्यात आले. याच काळात महसुली दप्तरात ‘पडीक’ म्हणून नोंदलेल्या माळांवर वनीकरणाच्या नावाखाली गिरिपुष्प, सुबाभूळ यांसारख्या झाडांची लागवड झाली. झाडे वाढली, तसे माळढोकास लागणारे मोकळे गवत घटले. माळ रिकामा असतो, या समजुतीस खोडून काढणारी चित्रे फार थोडी व फार उशिरा उपलब्ध झाली, असे म्हणणे भाग आहे. आता महाराष्ट्रात माळढोकाचे दर्शन अत्यंत दुर्मिळ झाले असून नान्नजची जुनी चित्रे हाच त्याच्या येथील वास्तव्याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा उरला आहे.

ग्रामजीवनाच्या चित्रणास १९७२ च्या दुष्काळाने वेगळे वळण दिले. खडी फोडणाऱ्या स्त्रिया, छावणीतील गुरे, कोरड्या विहिरी यांची चित्रे वृत्तपत्रांतून सर्वत्र पोहोचली. ती परिणामकारक होती. मात्र त्यांमुळे माळ म्हणजे दैन्य, हे समीकरणही रूढ झाले. याला पूरक असे काम जर्मन अभ्यासक ग्युंटर सोन्थायमर (१९३४–९२) यांनी केले. धनगरांचे दैवत, ओव्या व भ्रमंती यांचा अभ्यास करताना त्यांनी छायाचित्रे घेतली व माहितीपटही तयार केले. मेंढरांचा वाडा जेथे बसतो ती जागा, तिचे दैवत आणि तिचे गवत ही एकत्रच पाहावी लागतात, हे त्यांच्या कामावरून लक्षात येते. पुढील पिढीत संदेश भंडारे यांनी तमाशा कलावंत व वारकरी यांच्या सहवासात राहून दीर्घकाल चित्रण केले.

सातपूरचे रूप याच काळात पालटले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली आणि त्याच्या आरंभीच्या वसाहतींत सातपूरचा समावेश झाला. शेते व गायराने यांच्या जागी कारखाने, कामगारांच्या वसाहती आणि रुंद रस्ते आले. १९८२ मध्ये नाशिक महानगरपालिका स्थापन होऊन गाव शहरात सामावले. कारखान्यांच्या उद्‌घाटनांची चित्रे रीतसर जपली जातात. संपादन झालेल्या जमिनीचे चित्र आधी घेऊन ठेवावे, असा प्रघात नव्हता. गावाच्या पूर्वरूपाचा माग घ्यावयाचा, तर लग्नाच्या वरातीच्या किंवा बैलपोळ्याच्या चित्रातील माणसांच्या पाठीमागे पाहावे लागते. बैलजोडीच्या शिंगांमागे दिसणारी बांधावरची बाभूळ, गवताची गंज, दूरची पांडवलेण्यांची टेकडी हा तपशील छायाचित्रकाराने हेतुतः घेतलेला नसतो. म्हणूनच तो अभ्यासकास विश्वसनीय वाटतो.

आज सातपूर-नाशिकच्या हौशी छायाचित्रकारांना निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर व येवले तालुक्यातील ममदापूर ही ठिकाणे जवळची आहेत. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळील बंधाऱ्यामुळे तयार झालेल्या नांदूर मध्यमेश्वर पाणथळ जागेस १९८६ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२० मध्ये ती रामसर स्थळ म्हणून जाहीर झालेली महाराष्ट्रातील पहिली जागा ठरली. ममदापूर येथे काळविटांचे राखीव क्षेत्र आहे. अंकीय कॅमेऱ्यांमुळे चित्रांची संख्या अपार वाढली, तसे नवे धोकेही उत्पन्न झाले. जमिनीवरील घरट्याजवळ वारंवार गेल्यास पक्षी ते सोडून देतो, आणि माणसाच्या पावलांच्या वासाने कोल्ह्या-कुत्र्यांना अंड्यांचा सुगावा लागतो. विणीच्या काळात घरट्याची चित्रे घेऊ नयेत आणि दुर्मिळ प्राण्याचे नेमके ठिकाण प्रसिद्ध करू नये, हे संकेत यांतूनच रूढ झाले आहेत. अभ्यासासाठी मात्र चित्रासोबत स्थळ, दिनांक व कॅमेऱ्याची दिशा यांची खाजगी नोंद ठेवणे आवश्यक असते. गडाचे किंवा देवळाचे चित्र नोंदीवाचूनही ओळखता येते. माळाला कळस वा कडा नसल्याने नोंद नसलेले चित्र कोणत्या गावचे, हे पुढे त्या गावच्या माणसालाही सांगता येत नाही.