बटकृष्ण पाल आणि कंपनी

इंग्रजी औषधे परदेशातून थेट मागवून घाऊक व किरकोळ विकणारी कोलकात्याची पेढी. संस्थापक बटकृष्ण पाल (१८३५–१९१४). बाजारात ती ‘बी. के. पाल’ या आद्याक्षरांनीच ओळखली जाई. औषधांचा मोठा व्यापार गोऱ्या केमिस्टांच्या हाती असताना एका देशी मसालेवाल्याने ही पेढी उभी केली आणि नावारूपाला आणली. भारतीय औषधव्यापाराच्या इतिहासात तिला जागा आहे ती यासाठी.

पाल हे हावड्याजवळच्या शिवपूरचे, गंधवणिक ज्ञातीचे. मसाले, सुगंधी द्रव्ये आणि काष्ठौषधी विकणे हा या ज्ञातीचा वंशपरंपरागत धंदा. लहानपणीच ते कोलकात्याला मामाकडे आले आणि मामांच्या मसाल्याच्या दुकानात धंदा शिकले. पुढे १८५५ च्या सुमारास त्यांनी बडाबाजाराच्या परिसरात खेंगरापट्टीत स्वतःचे दुकान घातले. तेथे मसाल्यांच्या जोडीला विलायती औषधे आली आणि हळूहळू तीच मुख्य झाली. हा बदल वाटतो तितका मोठा नव्हता. मराठी मुलखातही हिरडा, ज्येष्ठमध, सोनामुखी किराणा दुकानातच मिळत. मालाचा वास, रंग, ओल आणि भेसळ पारखणारी नजर दोन्ही धंद्यांना सारखीच लागते, आणि ती पालांकडे घरातूनच आलेली होती.

पालांच्या जन्माच्याच वर्षी, १८३५ मध्ये, कोलकात्यात मेडिकल कॉलेज सुरू झाले. तेथून शिकून बाहेर पडलेले डॉक्टर इंग्रजी औषधे लिहून देऊ लागले आणि गिऱ्हाईक गोऱ्या वस्तीपुरते राहिले नाही. शहरात बाथगेट (१८११) आणि स्मिथ स्टॅनिस्ट्रीट (१८२१) या युरोपीय पेढ्या आधीपासून होत्या. देशी दुकानदाराने त्यांच्याकडून माल उचलायचा तर त्यांचा नफा आधी भरावा लागे, आणि बाटली कधीची, मूळ सील कोणी फोडले, हे कळायला मार्ग नसे. थेट आयात या दोन्ही अडचणींवरचा उपाय होता.

थेट मागवणे म्हणजे विलायतेतील निर्यातदाराकडे ‘इंडेंट’, म्हणजे मालाची मागणीयादी, स्वतःच्या नावाने पाठवणे. माल जहाजावर चढला की निर्यातदार त्याच्या किमतीची साठ किंवा नव्वद दिवसांची हुंडी काढी. ती मालाच्या कागदपत्रांसह कोलकात्यातील परकीय बँकेत येई. हुंडी स्वीकारल्याशिवाय किंवा भरल्याशिवाय कागद मिळत नसत आणि कागदांशिवाय गोदीतून पेटी सुटत नसे. म्हणजे औषध जाणणे एकवेळ सोपे. खरी कसोटी लागे ती पतीची. देशी व्यापाऱ्याला लंडनमध्ये उधारी मिळवणे हे काही वर्षे चोख हुंड्या भरल्यावरच जमण्यासारखे होते.

दोन घटनांनी हा व्यवहार बदलून टाकला. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला. केप ऑफ गुड होपला वळसा घालून शिडाच्या जहाजाने येणाऱ्या मालाला तीन-चार महिने लागत. आगबोटीने कालव्यातून तो जवळपास महिन्याभरात येऊ लागला. १८७० मध्ये समुद्रातून टाकलेली तार मुंबईला पोचली आणि तेथून देशभरच्या तारांशी जोडली गेली. पत्राच्या उत्तराची वाट पाहण्याऐवजी सांकेतिक शब्दांच्या तारेने मागणी जाऊ लागली. औषधाच्या धंद्यात याचे मोल फार होते. ईथर उडून जाते, अर्गट जुना झाला की निकामी होतो, हवेतली ओल लागली की पुडीचा गोळा होतो. वाटेतला प्रत्येक वाचलेला आठवडा म्हणजे रोग्याच्या हाती पडणाऱ्या औषधाचा वाचलेला गुण.

रुपयाच्या घसरणीने मात्र आयातदारांची परीक्षा पाहिली. चांदी स्वस्त होत गेली तसा रुपयाही उतरला. १८७० च्या आसपास तो दोन शिलिंगांच्या जवळ होता. शतकाच्या अखेरीस तो एक शिलिंग चार पेन्सांवर स्थिर करण्यात आला. शंभर पौंडांच्या ज्या मालाला दोन शिलिंगांच्या दराने हजार रुपये पडत, त्यालाच नव्या दराने दीड हजार मोजावे लागत. शिवाय १८९४ मध्ये आयातीवर सरसकट पाच टक्के जकात पुन्हा बसली, आणि मद्यार्क असलेल्या टिंक्चरांवर वेगळा कर होताच. अशा काळात आडत्यावाचून माल आणणारी पेढी तगून राहिली, कारण मधली टक्केवारी वाचवण्याइतकी तिची खरेदी मोठी होती.

आयात केलेल्या मालाची पेटी उघडणे हे अशा पेढीतले जोखमीचे काम असे. लाकडी खोक्याच्या आत जस्ताचा किंवा कथलाचा पत्रा झाळून बंद केलेला असे, म्हणजे समुद्राची ओल आत शिरू नये. तो कापला की गवत किंवा भुसा, आणि त्यात रुतवलेल्या बाटल्या. एक फुटली असेल तर शेजारच्या दहांच्या चिठ्ठ्या भिजून गेलेल्या. कोणत्या बाटलीत काय, हे पुन्हा ठरवल्याशिवाय ती विकता येत नसे. विषारी द्रव्यांच्या बाटल्या निळ्या-हिरव्या काचेच्या आणि उभ्या धारांच्या असत, अंधारात नुसत्या बोटांनाही कळाव्यात म्हणून. किरकोळ खिडकीवर कंपाउंडर मिक्स्चर घोटून बाटलीत भरी आणि बाहेरून खाचा कापलेली कागदाची पट्टी चिकटवी. एक खाच म्हणजे एक मात्रा. वाचता न येणाऱ्या रोग्यालाही ही पट्टी समजे. इतकी साधी आणि इतकी उपयोगी सोय औषधांच्या व्यवहारात क्वचितच सापडेल.

कोणते औषध किती शक्तीचे असावे हे १८६४ मध्ये पहिल्यांदा निघालेल्या ‘ब्रिटिश फार्माकोपिया’ या औषधांच्या प्रमाणग्रंथावरून ठरे. त्याच्या जोडीला पेटंट औषधेही येत. १८८४ मध्ये बरोज वेलकम कंपनीने आपल्या दाबून केलेल्या गोळ्यांसाठी ‘टॅब्लॉइड’ हे नाव नोंदवले आणि घोटून द्यायच्या औषधांची जागा तयार गोळ्या घेऊ लागल्या.

बंगालमध्ये सगळ्यांत मोठी मागणी तापावरच्या औषधांना होती. १८६० नंतर वर्धमान आणि हुगळीकडच्या भागात हिवतापाने गावेच्या गावे ओस पाडली. सरकारने दार्जिलिंगजवळ मंगपूला सिंकोना झाडांची लागवड करून त्यांच्या सालीपासून क्विनीन हे हिवतापावरचे औषध काढले आणि १८९२ पासून ते टपाल कचेऱ्यांतून पैशा-पैशाच्या पुड्यांनी विकायला सुरुवात केली. तरीही बाटलीतल्या तयार टॉनिकावर लोकांची श्रद्धा राहिली. पालांच्या पेढीचे ‘एडवर्ड्‌स टॉनिक’ हे हिवतापावरचे औषध बंगालमध्ये घरोघरी माहीत झाले. दुसऱ्याचा माल आणून विकणारी पेढी स्वतःच्या नावाचे औषध काढते, तेव्हा ती व्यापाराकडून उत्पादनाकडे एक पाऊल टाकते. पालांनी हे पाऊल टाकले. घाऊक व्यापाराची त्यांची मोठी जागा बॉनफील्ड लेनमध्ये होती. शोभाबाजार भागातही दुकान होते.

याच काळात रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय यांनी १८९२ मध्ये घरच्या घरी सुरू केलेला उद्योग १९०१ मध्ये ‘बेंगॉल केमिकल’ ही मर्यादित कंपनी झाला. पश्चिमेकडे १९०७ मध्ये बडोद्यात ‘अलेंबिक’ ही औषधकंपनी निघाली. तिच्या संस्थापकांत रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांच्याबरोबर कोटिभास्करही होते. पहिल्या महायुद्धात जर्मन औषधांची आवक थांबली. अ‍ॅस्पिरिन आणि उपदंशावरचे सॅल्व्हर्सन यांचा उगम जर्मनीतला असल्याने केवळ आयातीवर चालणाऱ्या पेढ्यांची अडचण झाली आणि देशी कारखान्यांना मोकळे मैदान मिळाले.

आयात मालाचा दर्जा तपासण्याची व्यवस्था देशात बराच काळ नव्हती. निकृष्ट आणि भेसळीच्या औषधांच्या तक्रारी वाढल्यावर १९३० मध्ये रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९३१ मध्ये आला, कायदा मात्र १९४० मध्ये झाला. तोपर्यंत गिऱ्हाइकाला आधार होता तो पेढीच्या नावाचाच.

मुंबईत अशा पेढ्यांची खूण ‘केम्प्स कॉर्नर’ या नावात राहिली आहे. तेथे केम्प आणि कंपनी या इंग्रज केमिस्टांचे दुकान होते. कोलकात्यात शोभाबाजारातून जाणाऱ्या रस्त्याला बी. के. पाल अव्हेन्यू म्हणतात, आणि शिवपूरला पालांच्या नावाची शाळा आहे.