आयलँड ट्रीज खटला : पालकांचा आक्षेप आणि शालेय ग्रंथालय

अमेरिकेत किशोरवयीनांच्या शालेय वाचनावरून झालेल्या वादांत 'आयलँड ट्रीज विरुद्ध पिको' या खटल्यास विशेष स्थान आहे. न्यूयॉर्क राज्यातील या शाळा-मंडळाचे तीन सदस्य सप्टेंबर १९७५ मध्ये एका पुराणमतवादी पालक संघटनेच्या परिषदेस गेले. तेथे मिळालेल्या आक्षेपार्ह पुस्तकांच्या यादीतील नऊ पुस्तके हायस्कूलच्या व एक कनिष्ठ हायस्कूलच्या ग्रंथालयात आढळले. बर्नार्ड मॅलामड यांची 'द फिक्सर' ही कादंबरी बारावीच्या अभ्यासक्रमात होती. कर्ट व्होनेगट, रिचर्ड राइट यांच्या कृतीही यादीत होत्या. १९७६ मध्ये मंडळाने ही पुस्तके अमेरिकाविरोधी, ख्रिस्तविरोधी, ज्यूविरोधी व गलिच्छ ठरवून काढून घेतली. 'द फिक्सर' ही ज्यूद्वेषाने पोळलेल्या निरपराध माणसाची कथा आहे, हे लक्षात घेता आरोपकर्त्यांनी ती कितपत वाचली होती याची शंका येते.

या वादाचे वर्णन 'पालक विरुद्ध शाळा' असे केले जाते. ते अपुरे आहे. मंडळाने स्वतःच चार पालक व चार शालेय कर्मचारी यांची समिती नेमली. समितीने पाच पुस्तके ठेवावीत आणि केवळ दोन काढावीत अशी शिफारस केली. उरलेल्यांबाबत तिचे एकमत झाले नाही वा तिने अटी सुचविल्या. मंडळाने हा अहवाल बहुतांशी झुगारला. एक पुस्तक विनाअट परतले, दुसरे पालकांच्या संमतीच्या अटीवर. पालकांचे नाव पुढे करणाऱ्यांना पालकांचाच विचारपूर्वक दिलेला कौल मानवला नाही.

स्टीव्हन पिको व अन्य चार विद्यार्थ्यांनी १९७७ मध्ये दावा दाखल केला. २५ जून १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी मंडळाच्या विरोधात निकाल दिला. न्या. ब्रेनन यांच्या मते, केवळ विचार नापसंत म्हणून ग्रंथालयातील पुस्तक काढता येत नाही. शैक्षणिक अनुपयुक्तता हे मात्र वैध कारण ठरू शकते. अभ्यासक्रमाचा प्रश्न त्यांनी कटाक्षाने बाजूस ठेवला. तथापि या मतास पाच न्यायाधीशांचा पाठिंबा नव्हता. न्या. व्हाइट यांनी, पुस्तके नेमकी कोणत्या हेतूने काढली याची आधी सुनावणी व्हावी, एवढ्यापुरतीच सहमती दिली. ती सुनावणी झालीच नाही, कारण ऑगस्ट १९८२ मध्ये मंडळाने पुस्तके परत ठेवण्याचे ठरविले.

परिणामी बंधनकारक तत्त्व प्रस्थापित झाले नाही. याच उणिवेचा आधार घेत मे २०२५ मध्ये टेक्सासमधील लानो परगण्याच्या सार्वजनिक ग्रंथालयासंबंधीच्या खटल्यात पाचव्या फेरी अपील न्यायालयाने ब्रेनन यांचे मत अनुसरण्यास नकार दिला.