काठी आपली, पीस आपलं, मासा तेवढा परका

आजचा भाग एका माशाबद्दल आहे. काश्मीरला किंवा हिमाचलला फिरायला गेलेल्या मित्राने तुम्हाला फोटो पाठवला असेल. प्लेटमध्ये तळलेला ठिपक्यांचा मासा आणि खाली कॅप्शन, 'लोकल ट्राउट'. त्या 'लोकल' शब्दावर आपण आज जरा थांबणार आहोत. १८९९ सालापर्यंत काश्मीरच्या एकाही नदीत ट्राउट नव्हता. तो पार्सलने आला. पहिलं पार्सल तर वाटेतच खराब झालं.

पण आधी हे बघू की तो आणायचा खटाटोप केला कशासाठी. खायला मासे काश्मिरात भरपूर होते. साहेबाला पाहिजे होता खेळ, म्हणजे फ्लाय फिशिंग.

आपल्याकडे कोकणात गरवतात तेव्हा गरीला कोळंबी नाहीतर गांडूळ लावतात, शिसं बांधतात आणि त्या वजनावर दोरी लांब जाते. फ्लाय फिशिंगमध्ये गळावर खायचं काहीच नसतं. दोरा आणि पिसं गुंडाळून बनवलेला खोटा किडा असतो. त्याचं वजन जवळपास शून्य, त्यामुळे तो फेकताच येत नाही. म्हणून वजन दोरीलाच दिलेलं असतं. काठीने जाड दोरी चाबकासारखी हवेत मागेपुढे खेळवायची, तिच्या शेवटी बारीक तंतू, आणि त्या तंतूच्या टोकाला तो किडा अलगद पाण्यावर उतरतो. ट्राउटला वाटतं, माशी पडली.

ही युक्ती फार जुनी आहे. इ.स. २०० च्या सुमारास एलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या एका नदीवर ठिपक्यांचे मासे धरणाऱ्या लोकांचं वर्णन केलंय. गळाला लाल लोकर गुंडाळलेली, वर कोंबड्याची मेणाच्या रंगाची दोन पिसं, सहा फुटांची काठी आणि तेवढीच दोरी. खरी माशी हातात घेतली की तिचा रंग उतरतो, म्हणून खोटी बनवायची, असंही तो सांगतो. म्हणजे अठराशे वर्षांपूर्वीसुद्धा पीस कोंबड्याचंच होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

डोंगरातल्या लहान नद्यांवर उन्हाळ्यात हा खेळ सगळ्यात अवघड होतो. पाणी कमी आणि काचेसारखं स्वच्छ. तुमची सावली पडली तरी मासा दगडाखाली पसार. १८५७ मध्ये डब्ल्यू. सी. स्टुअर्ट या स्कॉटिश माणसाने 'द प्रॅक्टिकल अँगलर' या पुस्तकात उपाय मांडला तो असा, की प्रवाहाच्या उलट, खालून वर चालत जा. मासा नेहमी प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, कारण त्याचं जेवण वरून वाहत येतं. तुम्ही खालून आलात तर त्याच्या पाठीमागे राहता, आणि अगदी जवळून, थोडीशी दोरी टाकून काम होतं. ऐकायला किती साधं वाटतं! पण त्या काळी बहुतेक लोक प्रवाहाच्या दिशेनेच दोरी सोडत होते. मला ही गोष्ट फार आवडते, कारण इथे नवीन हत्यार काहीच नाही. मासा जगाकडे कुठल्या बाजूने बघतो एवढाच विचार केलाय.

आता हत्यारांकडे येऊ, कारण आपला संबंध इथे येतो. एकोणिसाव्या शतकात बांबूच्या चिरफळ्या चिकटवून काठ्या बनायला लागल्या. चीनचा टाँकिन बांबू पुढे गाजला, पण आधीच्या काठ्यांसाठी वापरायचे तो बांबू 'कलकत्ता केन' या नावानेच विकला जायचा, आपल्या देशातून गेलेला. आणि पीस? इंग्लंडमधल्या माशा बांधणाऱ्यांकडे 'जंगल कॉक' नावाचं एक मानाचं पीस असायचं. काळ्या-करड्या पिसावर मेणाचा थेंब वाळावा तसा चकचकीत फिकट ठिपका. पाण्यात तो इवल्याशा माशाच्या डोळ्यासारखा दिसतो. सॅमन माशाच्या भपकेदार माश्यांवर ते हमखास असायचं, ट्राउटच्याही काही माश्यांवर असायचं. हा जंगल कॉक म्हणजे आपला राखी रानकोंबडा. दक्षिण भारतात आणि सह्याद्रीत राहतो. पावसाळ्यानंतर ट्रेकला जाताना झाडीतून तुटक आरवणं ऐकू येतं ना, तोच. या पिसांसाठी तो इतका मारला गेला की शेवटी निर्यात बंद करावी लागली. आज तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहे, आणि परदेशातले माशी बांधणारे पाळीव पक्ष्यांची पिसं वापरतात.

म्हणजे बघा, बांबू इथून गेला, पीस इथून गेलं. इथे आलेल्या साहेबाकडे उन्हाळ्याची सुट्टी होती, थंड पाण्याच्या नद्या होत्या. नव्हता तो फक्त मासा.

मासा पाठवायचा कसा, हा माझ्यासारख्या इंजिनियरला सगळ्यात भारी वाटणारा भाग आहे. जिवंत मासा जहाजावर तीन महिने टिकत नाही, म्हणून अंडी पाठवायची. ट्राउटचं अंडं किती दिवसांत फुटेल हे तापमानावर ठरतं. पाणी १० अंश असेल तर साधारण सहा आठवडे, २ अंशांच्या आसपास असेल तर चार-पाच महिने. म्हणजे थंडी वाढवली की प्रोसेस स्लो होते, बंद पडत नाही. जेम्स यूल नावाच्या माणसाने हेच वापरलं. लाकडी पेट्या, आत ओलं शेवाळ, शेवाळात अंडी आणि पेट्या जहाजातल्या बर्फघरात. आधीचे प्रयत्न फसले होते. जानेवारी १८६४ मध्ये 'नॉरफोक' हे जहाज इंग्लंडहून निघालं आणि एप्रिलमध्ये मेलबर्नला पोचलं. तिथून अंडी टास्मानियाला गेली. मुख्य माल होता सॅमनची लाखाच्या घरातली अंडी. ट्राउटची जेमतेम तीनेक हजार, ऐनवेळी भेट म्हणून चढवलेली. सॅमन समुद्रात गेले ते परत आलेच नाहीत. ट्राउट मात्र असा रुजला की आजही टास्मानियात लोक त्याच्यासाठीच जातात.

भारतात फ्रान्सिस डे या मत्स्यतज्ज्ञाने १८६० च्या दशकात निलगिरीत अंडी आणून बघितली, ती जगली नाहीत. तिथे ट्राउट स्थिरावला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. त्याच्या थोडं आधी काश्मीरमध्ये जमलं. श्रीनगरला गालिच्यांचा कारखाना चालवणारा मिचेल नावाचा स्कॉटिश माणूस या कामात पुढे होता. १८९९ ची पहिली खेप, ड्यूक ऑफ बेडफर्डने दिलेली, वाटेत मेली. १९०० मध्ये स्कॉटलंडहून दुसरी खेप आली, आणि त्यातली पिल्लं जगली. जहाज, मग तापलेल्या मैदानातून रेल्वे, मग झेलमच्या खोऱ्यातला घाटरस्ता, ही तेव्हाची काश्मीरची नेहमीची वाट. त्या वाटेवर डबा थंड ठेवायचा म्हणजे काय दिव्य असेल! श्रीनगरजवळ हारवनला पैदास केंद्र झालं. १९०९ मध्ये काश्मीरची अंडी कुलूच्या खोऱ्यात गेली आणि बियास, तीर्थन, सैंज या नद्यांमध्ये ट्राउट पसरला.

इथपर्यंतची गोष्ट कौतुकाची वाटते, मलाही वाटते. पण त्या नद्या रिकाम्या नव्हत्या. तिथे शायझोथोरॅक्स जातीचे मासे होते. उत्तराखंडात त्याला असेला म्हणतात, इंग्रजांनी नाव दिलं 'स्नो ट्राउट'. नावातच घोळ आहे, कारण हा ट्राउट नाहीच. तो आपल्या रोहू-कटल्याच्या मोठ्या कुळातला, दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारा. ब्राउन ट्राउट शिकारी आहे. दुसऱ्यांची पिल्लं खातो, जागा बळकावतो. जगातल्या सगळ्यात त्रासदायक अशा १०० परक्या जीवांची जी यादी आययूसीएनने काढली, तिच्यात ब्राउन ट्राउटही आहे आणि रेनबो ट्राउटही.

माणसांच्या बाजूनेही बदल झाला. ट्राउटच्या नद्यांचे तुकडे पाडले गेले, त्यांना 'बीट' म्हणतात. बीटवर परमिट लागतं, काठी आणि गळच चालतो, जाळं नाही. थंडीच्या महिन्यांत बंदी, कारण ट्राउट तेव्हा अंडी घालतो. काश्मीरचे मूळ मासे मात्र बहुतेक वसंत ते उन्हाळ्याच्या सुरुवातीला अंडी घालतात, म्हणजे ऐन मोसमात. कॅलेंडर पाहुण्याच्या सोयीने लागलेलं आहे. आणि नदीकाठी पिढ्यान्‌पिढ्या जाळं टाकणाऱ्याला त्या पाण्यात जाळं टाकणं हा गुन्हा ठरला.

मग हाकलून द्यायचा का ट्राउट? इथे माझं मत डळमळतं. काश्मीर आणि हिमाचलमध्ये आज कितीतरी कुटुंबं ओढ्याचं थंड पाणी सिमेंटच्या लांबट टाक्यांतून फिरवून रेनबो ट्राउट वाढवतात आणि त्यावर घर चालवतात. आणि तीर्थनची गोष्ट तर आणखी गंमतीची आहे. त्या खोऱ्यात छोटे जलविद्युत प्रकल्प येणार होते. गावकरी विरोधात उभे राहिले, कोर्टात गेले, आणि शेवटी ती नदी प्रकल्पांपासून वाचली. त्या लढ्यात नदी मोकळी ठेवण्याचं एक वजनदार कारण म्हणून पुढे आला तो ट्राउट. असेलाच्या नावाने नदी वाचली असती का, मला शंका आहे. त्याच्यासाठी परमिटचे पैसे भरून कोणी येत नाही. पण पाणी मोकळं राहिलं म्हणून उरलासुरला असेलाही तिथे पोहतोय, त्याच ट्राउटच्या शेजारी.

आजच्यापुरतं एवढंच. कोकणात गरवणारं कोणी ऐकत असेल तर खोटी माशी बांधून बघा आणि काय लागलं त्याची व्हॉइस नोट पाठवा. रानकोंबड्याचं पीस नको, घरच्या कोंबड्याचं चालेल.