मस्टरचा वारस

जानेवारी 1877 मध्ये दख्खनच्या दुष्काळी कामांवर मजुरीचा नवा हिशेब लागू झाला. दुष्काळाचा खर्च आवरण्यासाठी हिंदुस्थान सरकारने पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी ठरवले, की धडधाकट माणसाला दिवसाकाठी 1 पौंड धान्य आणि वर थोडे पैसे पुरेत. दिवसभर दगड फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या माणसाचे एवढ्यात भागणे शक्यच नव्हते. मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. सरकारी निष्ठुरतेचा नमुना म्हणून हा प्रसंग सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. पण त्यात ध्यानात ठेवण्याजोगी आणखी एक गोष्ट आहे. मजूर ज्या हिशेबाविरुद्ध उभे राहिले तो उघड होता. पौंडाचा आकडा सर्वांना ठाऊक होता, तो कुणी ठरवला हेही ठाऊक होते. अन्याय होता, पण त्या अन्यायाला पत्ता होता. तक्रार कुठे पाठवायची हे सार्वजनिक सभेला शोधत बसावे लागले नाही.

त्या दुष्काळी कामांपासून महाराष्ट्राच्या रोजगार हमीपर्यंत आणि तिथून केंद्राच्या मनरेगापर्यंत एक सलग धागा आहे: मस्टर. कुणी किती दिवस काम केले, त्याचे किती झाले आणि ते कधी द्यायचे, हे ठरवणारा कागद. हा कागद आता संगणकात गेला आहे आणि तो भरण्याचे नियम सरकारी सॉफ्टवेअर लिहिणारा प्रोग्रॅमर ठरवतो. या प्रोग्रॅमरला आपण तंत्रज्ञ समजतो, वायरमन किंवा टंकलेखक समजावा तसे. माझे म्हणणे असे, की तो मस्टर कारकुनाचा आणि मुकादमाचा वारस आहे. त्यांची सत्ता त्याच्याकडे चालत आली, मात्र त्यांच्यावर असलेली जबाबदारी वाटेत कुठेतरी गळून पडली. कल्याणकारी योजनांमध्ये गेल्या काही वर्षांत जे बिघडले, त्यातला बराच भाग या गळतीतून आला आहे.

आधी तो कागद जवळून पाहू. 1972 च्या दुष्काळात राज्यभर खडी फोडण्याची, पाझर तलावांची आणि रस्त्यांची कामे निघाली. मे 1973 च्या सुमारास या कामांवरच्या मजुरांची संख्या 50 लाखांच्या घरात गेली होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात आधीच मांडलेल्या कल्पनेला याच काळात राज्यव्यापी रूप आले. 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. कामावरचे मस्टर म्हणजे आडवा ताव. डावीकडे नावे, मग रोजच्या हजेरीचे चौकोन, गैरहजेरीला खाडा, शेवटी रक्कम आणि अंगठा. मजुरी नुसत्या हजेरीवर नसे. खोदलेल्या चराचे माप घेतले जाई, मऊ माती, मुरूम, कठीण मुरूम असे दर वेगळे असत, माती किती लांब आणि किती उंच टाकली याचा हिशेब वेगळा होई. हे दर दरसूचीत छापलेले असत. म्हणून शहाद्याची श्रमिक संघटना किंवा पालघरकडची भूमी सेना रोजगार हमीच्या कामांसाठी भांडत असे, तेव्हा भांडण नेमके करता येत असे: मुरूम असताना माती का लिहिली, माप कमी का धरले. अंगठा लावणाऱ्या बाईला वाचता येत नसेल, पण तिच्या नावापुढचे चौकोन शेजारचा शाळकरी पोरगा मोजून सांगू शकत होता.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. कागदी मस्टर ही चोरीची खाण होती. मेलेल्यांची आणि मुंबईला गेलेल्यांची नावे मस्टरवर चढत, अंगठे कुणाचेही लागत, रोख पगारातून मुकादम आपला वाटा आधीच काढून घेई. हे सगळे खरे आहे, आणि संगणक आला तो याच रोगावर औषध म्हणून. 1976 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, पुढे जिल्ह्याजिल्ह्यांच्या जिल्हाधिकारी कचेऱ्यांत आपली खोली थाटली. 2 फेब्रुवारी 2006 रोजी 200 जिल्ह्यांत राष्ट्रीय रोजगार हमी सुरू झाली, 1 एप्रिल 2008 पासून ती देशभर पसरली, आणि तिचा सगळा हिशेब एनआयसीने बांधलेल्या नरेगासॉफ्टमध्ये जाऊ लागला. ही मोठी कामगिरी होती. कोणत्याही गावाचे कोणतेही जॉब कार्ड, कोणतेही मस्टर, कोणताही निधी हस्तांतरण आदेश घरबसल्या पाहता येऊ लागला. हे बांधणाऱ्या प्रोग्रॅमरांना त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. मस्टर कागदावरून उतरवून चूक झाली, असे मी म्हणत नाही. कागदावर एक चोर होता आणि त्याला पकडण्याची वाटही होती. संगणकाने चोराची वाट अरुंद केली, पण हिशेबाचा नियमच चुकला तर तो कुणी, कुठे आणि कसा पकडायचा, हे मात्र ठरवले नाही.

त्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा विलंब भरपाईत सापडतो. मनरेगाच्या कायद्याने सांगितले होते, मस्टर बंद झाल्यापासून 15 दिवसांत मजुरी मिळाली पाहिजे. सोळाव्या दिवसापासून थकलेल्या रकमेवर दररोज 0.05 टक्के भरपाई. 2017-18 मध्ये महाराष्ट्रात रोजची मजुरी 201 रुपये होती. सहा दिवसांच्या आठवड्याचे 1,206 रुपये झाले, त्यावर दिवसाची भरपाई जेमतेम 60 पैसे. रक्कम किरकोळ, पण तिच्यामागचे तत्त्व मोठे: उशीर सरकारने केला तर मजुराला त्याचे मोल द्यायचे. आता पैशाचा प्रवास पाहा. आधी तालुक्यावर हस्तांतरण आदेश तयार होतो आणि त्यावर सह्या होतात. मग तो केंद्राकडे जातो आणि तिथून पैसे खात्यात पडतात. सॉफ्टवेअरमधले सूत्र उशीर मोजायचे, पण पहिल्या टप्प्यापुरता. आदेशावर सही झाली की त्याचे घड्याळ थांबायचे, मग पैसे खात्यात पडायला पुढे महिना का लागेना. काही संशोधकांनी 2016-17 मधले 10 राज्यांतले सुमारे 90 लाख व्यवहार तपासले, तेव्हा ही दुसऱ्या टप्प्याची न मोजलेली दिरंगाई आकड्यांनिशी पुढे आली. मे 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वराज अभियानच्या याचिकेवर सांगितले, की मजुराचा हक्क पैसे हाती पडेपर्यंतचा आहे. टप्प्यांची वाटणी ही सरकारची अंतर्गत बाब, तिचा भार मजुरावर टाकता येणार नाही. कायद्यात टप्पे नव्हतेच. ते संगणकात तयार झाले, आणि वर्षानुवर्षे कायदा म्हणून चालले.

दुसरा पुरावा याहून साधा आहे, एका यादीचा. जॉब कार्डावरून नाव काढायचे तर पडद्यावर कारण निवडावे लागत असे: कार्ड बोगस, कार्ड दुबार, कुटुंब कायमचे स्थलांतरित, व्यक्ती मृत, काम करण्यास इच्छुक नाही. सरकारने लोकसभेत दिलेल्या आकड्यांनुसार 2021-22 मध्ये सुमारे 1 कोटी 49 लाख नावे काढली गेली, आणि 2022-23 मध्ये 5 कोटी 18 लाखांहून अधिक. याच काळात आधारवर आधारित मजुरी सक्तीची करण्याची मुदत जवळ येत होती. ज्यांचे आधार जुळत नाही ती नावे यादीतून गेली की टक्केवारी आपोआप सुधारत होती. अनेक कामकरी माणसांच्या नावापुढे ‘इच्छुक नाही’ लागल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले. ‘आधार जुळले नाही’ हे कारण त्या यादीत नव्हते, ‘मजुराने आक्षेप घेतला आहे’ अशी ओळही नव्हती. जे कारण यादीत नाही, ते कचेरीच्या लेखी घडलेलेच नसते. पंचायतीतला ऑपरेटर मजुराला सांगतो, ‘सिस्टीमच घेत नाही’, आणि तो खोटे बोलत नसतो. पण सिस्टीमने काय घ्यायचे हे कुणीतरी माणसाने ठरवलेले असते.

दुसरा आक्षेप इथेच उभा राहतो: प्रोग्रॅमर बिचारा हुकमाचा ताबेदार, धोरण मंत्रालय ठरवते, तो फक्त उतरवतो. बहुतेक वेळा हेतूच्या दृष्टीने हे खरे असते. पण परिपत्रक कितीही तपशिलाने लिहिले तरी त्यात फटी राहतात, आणि कारकून ज्या फटी माणूस पाहून बुजवत असे, त्या प्रोग्रॅमरला माणूस न पाहता, सर्वांसाठी एकदाच बुजवाव्या लागतात. रकाना रिकामा राहिला तर काय करायचे? कामाची मागणी कोणत्या तारखेची धरायची, अर्ज दिला त्या दिवसाची की संगणकात चढला त्या दिवसाची? बेरोजगार भत्त्याचा हक्क या एका तारखेवर अवलंबून आहे. अशी उत्तरे वेळेच्या ताणाखाली दिली जातात, आणि ती देणारा बऱ्याचदा कंत्राटी असतो. ऑस्ट्रेलियाने हाच धडा फार महागात घेतला. तिथे करखात्याकडच्या वार्षिक उत्पन्नाला 26 पंधरवड्यांत सारखे वाटून लाभार्थ्यांवर थकबाकी काढली गेली. हंगामी काम करणाऱ्याचे उत्पन्न असे सारखे कधी नसते, हे तपासणारी माणसाची नजर स्वयंचलनात काढून टाकली होती. लाखो लोकांना खोट्या कर्जाची पत्रे गेली, आणि 2023 च्या शाही आयोगाने त्या योजनेवर कठोर ठपका ठेवला. तो भागाकार शाळेतल्या मुलालाही जमेल असा होता. चूक त्याच्यामागच्या गृहीतकात होती.

कुणी म्हणेल, प्रत्येक ओळ लोकांपुढे ठेवायची तर काम ठप्प होईल, आणि यंत्रणेच्या सुरक्षिततेचे काय? सुरक्षेसाठी कुलूप दाराला लावायचे असते. दाराच्या आत कोणता नियम चालतो तो झाकायची गरज नाही. दरसूची छापल्याने तिजोरी कधी फुटली नव्हती. मजुरी, भरपाई, नाव काढणे, अर्ज नाकारणे एवढ्या चार-पाच गोष्टींची सूत्रे साध्या मराठीत, तारीख आणि जबाबदार अधिकाऱ्याच्या नावासह शासन निर्णयासारखी प्रसिद्ध करणे अवघड नाही. सूत्र बदलले तर नवा निर्णय निघावा. आणि प्रोग्रॅमरच्या बाजूनेही विचार हवा: ज्याला रकाना कुणाचा आणि कशासाठी हे कधी दाखवले गेले नाही, त्याला दोष देणे सोपे आहे. पूर्वीचा मस्टर कारकून चुकला तर मजूर त्याच्यासमोर उभा राहत असे. ती शिक्षाही होती आणि शिक्षणही. आज ती भेटच होत नाही.

ती घडवण्याची जागा नवी शोधायला नको. मनरेगाच्या 2005 च्या कायद्याच्या सतराव्या कलमाने ग्रामसभेला सामाजिक अंकेक्षणाचा अधिकार दिला. त्या सभेत मस्टर मोठ्याने वाचले जाते, मोजमापे तपासली जातात, ग्रामरोजगार सेवक आणि अभियंता उत्तर देतात. हिशेब प्रत्यक्षात ज्याने घडवला तो त्या सतरंजीवर नसतो. त्याच्या विभागाचा एक माणूस तिथे बसला, आणि भरपाईचे 60 पैसे कोणत्या दिवसापासून कोणत्या दिवसापर्यंत मोजले हे त्याला एखाद्या मजूर बाईपुढे सांगावे लागले, तर घड्याळ सहीपाशी थांबवणारी ओळ फार दिवस टिकणार नाही. 1877 मध्ये उपाशी माणसांना आपला हिशेब कुणी केला हे ठाऊक होते. स्वतंत्र देशाच्या मजुराला निदान तेवढे तरी ठाऊक असायला हवे.